आरा लवकर थांबतो तेव्हा

दुपारचे सव्वाचार वाजले असतील. लाकडाच्या वखारीत आरा चालवणाऱ्या आरेवाल्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. शेजारची शिंपीणबाई तर हातातलं अर्धं शिवलेलं झबलं घेऊनच आली होती. सगळ्यांच्या मधोमध, स्टुलावर, आरेवाल्याची आठ वर्षांची मुलगी बसली होती. गाव तिला चिमणी म्हणायचं.

"निघाली," चिमणी म्हणाली. "आजी निघाली. येतेय."

गर्दी शहारली. आजी म्हणजे आरेवाल्याची आई, दोन वर्षांपूर्वी वारलेली. मेल्यावरही तिचा सुनेवरचा राग गेला नाही, ती येऊन सुनेला मारते, असं आरेवाल्यानंच सांगितलं होतं. सुनेच्या अंगावरचे वळ सगळ्यांनी पाहिले होते. आणि आजी कधी येणार हे चिमणीला आधी कळायचं! हा चमत्कार ऐकून कुठूनसे एक महाराज गाडी घेऊन आले आणि मुक्कामच ठोकून बसले. दहा बोटांत आठ अंगठ्या असल्यामुळे मी त्यांना अंगठीवाले महाराज म्हणायचे, अर्थात मनातल्या मनात.

"आत्मा सूक्ष्म लहरींवरून प्रवास करतो," महाराज गरजले. "विज्ञानालाही हे मान्य आहे. फक्त विज्ञानाला ते अजून ठाऊक नाही!"

मग त्यांनी सुनेच्या पाठीवर कोरं पांढरं फडकं पसरलं आणि त्यावर पिवळं तीर्थ शिंपडलं. बघता बघता फडक्यावर लालभडक पंजा उमटला. बायका किंचाळल्या. तेवढ्यात आरेवालाही कामावरून आला. गर्दी बघून दारात थबकला आणि हात जोडून कोपऱ्यात उभा राहिला.

"आलीय, पण माझ्यापुढे तिचं काही चालत नाही," महाराज म्हणाले. "मी आल्यापासून सुनेला एक तरी फटका बसला का? या पोरीच्या ठायी दिव्यदृष्टी आहे. रविवारी मी तिला मठात नेतो, कायमची. पोर गेली की आत्माही तिच्या मागोमाग जाईल."

लोकांनी माना डोलावल्या. सून मात्र खाली बघत बसली होती. तिनं चिमणीचा फ्रॉक घट्ट धरून ठेवला होता.

मी या गावातली नर्स. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही आणि त्याचा मला फार तोरा होता. पण त्या दिवशी दवाखान्यात येऊन मी जुनी वही उघडली आणि तोरा उतरला. दीड वर्षात ही बाई पाच वेळा जखमा घेऊन आली होती आणि पाचही वेळा मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: जिन्यावरून पडली. ती म्हणाली, मी लिहिलं. आरेवाल्याचं घर बैठं आहे. त्याला जिना नाही. मी त्या घरात लस द्यायला चारदा गेले होते.

महिनाभरापूर्वीच आम्हा नर्सांना आणि शिक्षकांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. घरातली मारहाण कशी ओळखायची, ती बघणाऱ्या मुलांशी कसं बोलायचं, असा विषय होता. मी मागच्या रांगेत पेंगले. आमच्या गावात असलं काही नाही हो, असं चहाच्या वेळी म्हणालेसुद्धा. एवढंच डोक्यात राहिलं होतं की मुलाला एकट्याला विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

शनिवारी सून जुन्या जखमेची पट्टी बदलायला आली. तिला पडद्याआड झोपवलं आणि चिमणीजवळ बसले.

"चिमणे, आजी येतेय हे तुला कसं कळतं गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सगळं गाव तिच्या तोंडून भुताला प्रश्न विचारत होतं, तिला स्वतःला कुणीच काही विचारलं नव्हतं. मी घाई केली नाही. बाहेर वखारीतला आरा लाकडं कापत होता. सकाळी आठला तो सुरू होतो आणि सहाच्या भोंग्याला थांबतो. आम्हाला तो इतका अंगवळणी पडलाय की ऐकूच येत नाही.

"आरा सहाच्या आधी थांबला की," ती हळूच म्हणाली. "म्हणजे वखारीचे शेठ ओरडलेत. मग पप्पा मशीन बंद करून घरी येतात. मी सहाशेपर्यंत मोजते, तेवढ्यात येतात."

"मग?"

"मग आईला मारतात."

"आणि आजी?"

"आजी नाहीच आहे. आईचा दात पडला तेव्हा पप्पांनीच शेजारी सांगितलं, आजीचं भूत आलं म्हणून. मग एकदा आरा थांबला तेव्हा मीच ओरडले, आजी येतेय! सगळे बघायला आले. सगळे असले की पप्पा मारत नाहीत."

सगळ्या गावाला जे सुचलं नाही ते या पोरीनं शोधून काढलं होतं. आईचा मार चुकवायला तिनं भूत बोलावलं होतं, आणि आता त्याच भुतापायी तिला घरातून उचलून नेणार होते.

पडद्याआडून हुंदका ऐकू आला. मी आत गेले. सून उठून बसली होती.

"एवढीशी पोर मोजत बसते आणि मला माहीत नाही," ती म्हणाली. "सिस्टर, मी तिला देणार नाही. उद्या मला बोलायचंय. तुम्ही जवळ उभ्या राहाल ना?"

"राहीन. पण त्यानंतर त्या घरात जायचं नाही," मी म्हटलं. तिच्या बहिणीला आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी बाईंना तिच्यासमोरच फोन लावले.

रविवारी आरेवाल्याच्या दारात जत्राच भरली. महाराजांची गाडी फुलांनी सजली होती. मी दवाखान्यातलं पांढरं फडकं घेऊन पुढे झाले आणि महाराजांचा तीर्थाचा तांब्या उचलला.

"सिस्टर, भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

"बघू या," मी म्हटलं आणि तीर्थ शिंपडलं. लाल पंजा उमटला, माझ्या वाकड्या करंगळीसकट. "हा माझा हात. काल धुण्याच्या सोड्यात बुडवून फडक्यावर दाबला आणि वाळवला. तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे इथल्या कुठल्या बाईला ठाऊक नाही?"

हशा पिकला. महाराजांनी गाडीकडे पाहिलं. पण शिंपीणबाई हसली नाही.

"पंजा खोटा, मान्य," ती म्हणाली. "मग हिच्या अंगावरचे वळ कुणाचे?"

सून उठून उभी राहिली. "याचे," तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "दर वेळी याचेच."

"ही नाही बोलत! आई बोलतेय हिच्या तोंडून!" आरेवाला ओरडला.

"मग बोलू दे की," शिंपीणबाई म्हणाली. "मेल्यावर का होईना, तुझी आई खरं बोलायला लागली." आणि ती सुनेकडे वळली. "आमची भिंत एकच आहे गं. ऐकू येऊ नये म्हणून मी शिलाई मशीन जोरात चालवायचे."

हसणं बंद पडलं. कित्येकांच्या माना खाली गेल्या. माझीही गेली, आणि त्या पाच नोंदी मी सगळ्यांसमोर कबूल केल्या. महाराज कधी सटकले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळच्या आत अधिकारी बाई आल्या, तक्रार नोंदवली गेली आणि मायलेकी बहिणीच्या घरी गेल्या. पुढचं प्रशिक्षण गावच्याच शाळेत, सगळ्या गावासाठी झालं. शिंपीणबाई पहिल्या रांगेत होती.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. चिमणीला भेटायला मी अधूनमधून जाते. तिथे जवळ पिठाची गिरणी आहे. ती मध्येच बंद पडली की चिमणी हातातलं खेळणं ठेवते आणि ओठ हलायला लागतात. मोजत असते. दीडशे, दोनशे. मावशी तिला जवळ घेते, तरी ती सहाशेपर्यंत जाते.

मागच्या खेपेला तिनं मला विचारलं, "आता आजी नाही हे सगळ्यांना कळलं ना? मग आम्ही परत आलो आणि मी हाक मारली, तर लोक येतील का?"

मी तिला हो म्हणाले.

भूत बघायला आपण हातातलं काम टाकून धावतो. शेजारचं माणूस रडताना ऐकू येतं तेव्हा मात्र तो त्यांच्या घरचा प्रश्न होतो. अंगारा, तीर्थ, महाराज यातलं काहीही लागत नाही. जायचं, दार वाजवायचं, वाटीभर साखर मागायची, आणि उंबऱ्यात उभं राहायचं. त्यानंतर त्या घरातल्या मुलाशी बोलायचं. एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे. मी त्या पोरीला हो म्हणून बसलेय, आणि ते खरं करणं माझ्या एकटीच्या हातात नाही.