पाच वर्षं एकोणतीस

रविवारी सकाळी सुहासिनी केरसुणी घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि उंबऱ्यातच थांबली. जमिनीवर सगळीकडे कागद पसरले होते. मधोमध तिचा नवरा विद्याधर लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढून बसला होता आणि फूटपट्टीनं तांबड्या रेघा मारत होता.

"केर काढायचाय," ती म्हणाली.

"दुपारी काढ. एका माणसाचा निकाल लागायचाय."

विद्याधर मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात हेडक्लार्क होता आणि तिथल्या क्रीडा मंडळाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे काम सगळं आणि लेटरहेडवर नाव. कारखान्याचा हुतूतूचा संघ उपनगरांत नावाजलेला होता. त्या काळी बरेच कारखाने असे संघ बाळगून असत. चांगला गडी दिसला की त्याला कामाला लावायचं, खेळ उतरला की घरी पाठवायचं. मधल्या काळात तो गडी आठ आठ तास रंगाचे डबेही उचलत असे, पण ही गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात राहत नसे.

निकाल लागायचा होता तो दत्ताराम या गड्याचा. दत्ताराम मालवणकडचा, चढाईत पटाईत. त्याला दर वर्षी अकरा महिन्यांचं पत्र मिळे. एक एप्रिलला नेमणूक, फेब्रुवारीअखेर सेवा समाप्त. सलग सेवा झाली तर माणूस कायम करावा लागेल, या भीतीनं कारखान्यानं मार्चची फट ठेवली होती. एप्रिलात दत्ताराम नवा उमेदवार म्हणून नवा फॉर्म भरी. यंदा मात्र मॅनेजरसाहेबांनी विद्याधरला विचारलं होतं, की या माणसाला एप्रिलात परत घ्यायचं की नाही? फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्याआधी अहवाल हवा होता.

विद्याधर कॉलेजात संख्याशास्त्र शिकला होता आणि ते वाया गेल्याचं दुःख त्याला होतं. त्यानं पाच वर्षांच्या सामन्यांची निळी वही उघडली. दत्तारामनं चढाईत बाद केलेल्या गड्यांची बेरीज दर मोसमाला घसरत होती. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याऐंशी, सत्तर, सहासष्ट, आणि यंदा बावन्न. आणखी एक गंमत दिसत होती. एप्रिल ते ऑगस्ट गडी थंड, आणि जानेवारी लागला, पत्र संपायला आलं, की अंगात वारं शिरल्यासारखा खेळे. उलट श्यामकांत नावाचा पकडीचा गडी तीन वर्षांमागं कायम झाला होता आणि त्याला पोट सुटलं होतं. विद्याधरनं शनिवारीच साहेबांपुढं सिद्धांत मांडला, की कायम केलेला खेळाडू सुस्तावतो आणि टांगलेला खेळाडू खेळतो. साहेबांना हा सिद्धांत इतका आवडला, की त्यांनी तो फोनवरून दुसऱ्या दोन कारखान्यांना सांगितला.

"वय किती त्याचं?" सुहासिनीनं विचारलं.

"तेच तर आलेखाच्या आडव्या रेषेवर मांडतोय." विद्याधरनं पाच वर्षांचे पाच फॉर्म ओळीनं लावले आणि त्याचा हात थांबला. पहिल्या फॉर्मवर वय एकोणतीस होतं. दुसऱ्यावर एकोणतीस. तिसऱ्यावर, चौथ्यावर, पाचव्यावरही एकोणतीसच.

सुहासिनी वाकून बघत होती. "अहो, याची आडवी रेषा कुठली? हा तर एकाच जागी उभा आहे."

दर वर्षी माणूस नवा, म्हणून फॉर्म नवा, म्हणून जुन्या फॉर्मशी ताडून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी 'तपासले' असा शिक्का होता आणि शिक्क्यावर सही विद्याधरची होती.

त्याला दुपारचं जेवण गेलं नाही. तो खोलीत फेऱ्या मारत राहिला, दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. हे साहेबांना सांगावं तर दत्ताराम लबाडीच्या ठपक्यानं कायमचा बाहेर, आणि आपल्या सहीचं काय? न सांगावं तर अहवालात वय काय लिहायचं? ऊन कलल्यावर तो मैदानावर गेला.

सराव चालू होता. दत्तारामच्या उजव्या गुडघ्याला धुवट धोतराची पट्टी करकचून बांधलेली होती. तो मध्यरेषा ओलांडून गेला, तिघांनी त्याला धरलं, आणि खांद्याला कसलासा झोल देऊन तो तिघांच्या मधून निसटून परत आला. बाळा नावाचा बावीस वर्षांचा गडी धावत त्याच्याजवळ गेला. "दादा, हे कसं केलंत? एकदा दाखवा ना."

"दाखवायचं काय त्यात," दत्ताराम म्हणाला. "येतं आपोआप."

विद्याधरनं त्याला बाजूला चिंचेखाली बोलावलं आणि फॉर्मांचं विचारलं. त्याला वाटलं होतं, हा गयावया करील. दत्तारामनं गुडघ्याची पट्टी सोडत शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब, फॉर्मवर छापलेलं आहे, नवीन उमेदवार तिशीच्या आतला हवा. दर वर्षी तुम्ही माका नवीन करतात. मग मी तिशीच्या आत नको?"

विद्याधरनं विचारलं, "खरं वय काय तुझं?"

"पयल्या फॉर्मावर होता ता खरा. आता चौतिसावा चालू आसा."

मग तो आपण होऊन बोलू लागला. मार्चात तो गावी जाई. मार्चात शिमगा, देवाची पालखी. गावात सगळ्यांना वाटे, की दत्तारामची कंपनी फार मोठी, शिमग्याला अख्खा महिना रजा देते. शेजारच्या दोघांनी त्याला गळ घातली होती, की आमच्या पोरांनाही तिथंच चिकटव. एवढं सांगून तो हसला, आणि पट्टी सुटल्यावर त्याचा गुडघा विद्याधरला दिसला. तो नारळाएवढा सुजला होता.

"हे कधीपासून?"

"तिसरं वर्ष. जानेवारी-फेब्रुवारीत बसून कसं चालेल? पत्राचे दिवस. पट्टी आवळायची आणि खेळायचं. मग पावसाळा सरेपर्यंत पाय टेकवत नाही नीट."

एप्रिल ते ऑगस्ट थंड. निळ्या वहीत होतं ते. कशामुळं, ते वहीत नव्हतं.

"आणि बाळाला का शिकवत नाहीस?"

दत्तारामनं मैदानाकडं पाहिलं. बाळा एकटाच खांद्याला झोल देऊन बघत होता आणि दर वेळी चुकत होता.

"सायेब, त्याला तो झोल आला, की तुम्हाला माझं काय काम? एप्रिलात पत्र हातात द्या, मेपासून शिकवतो. श्यामकांतनं नाही शिकवली त्याला घोट्याची पकड? रोज संध्याकाळी शिकवली. त्याला कसली भीती? तो कायम आहे."

वहीत श्यामकांतच्या पोटाची नोंद होती. ही नोंद नव्हती.

घरी सुहासिनी तांदूळ निवडत बसली होती. ती घाटकोपरच्या एका खाजगी शाळेत चार वर्षं इतिहास शिकवत होती. शाळा तिला दर वर्षी तीस एप्रिलला काढी आणि जूनमध्ये परत घेई, म्हणजे सुटीचा पगार वाचे. या अन्यायावर विद्याधरनं वर्तमानपत्रात एक जळजळीत पत्र लिहिलं होतं. ते छापूनही आलं होतं. कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं.

त्यानं मैदानावरची हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "पण सिद्धांत अगदीच खोटा नाही गं. टांगलेला असतो तेव्हा तो जास्त खेळतो, हे आकडे सांगतात."

"खेळतो ना. मीही एप्रिलात जीव तोडून शिकवते. हेडमास्तर दारावरून जाताना माझा आवाज चढतो." ती ताटातले खडे वेचत राहिली. "तुम्हाला एक सांगू? हसायचं नाही. मी काढलेले ते मोठे नकाशे आहेत ना, शिवाजीच्या स्वाऱ्यांचे, तीन दिवाळ्या घालवल्या त्यात. जूनमध्ये शुभा म्हणून नवी मुलगी आलीय शाळेत. तिनं मागितले. मी सांगितलं, वाळवी लागली."

"मग?"

"मग काय. इथंच आहेत, पलंगाखाली. तिचा वर्ग नकाशाशिवाय शिकतोय." तिनं ताट खाली ठेवलं. "मी अशी बाई नव्हते. माहेरी कुणी मागितलं तर मी अंगावरची शालही दिली असती. चार एप्रिल काढले आणि मी अशी झाले. भीतीनं माणूस पळतं, अहो, खूप पळतं. पण पळणारा माणूस दुसऱ्याचा हात धरून पळत नाही. तुमच्या वहीत एकट्याची धाव मोजता येते. त्यानं काय काय लपवून ठेवलं, ते कुठल्या रकान्यात लिहाल?"

तिनं ताट पुन्हा उचललं.

"आणि तुम्ही कायम कधी झालात?"

"सत्तेचाळीस साली."

"पोट तेव्हापासूनचंच ना?" असं म्हणून ती आत गेली.

सोमवारी सकाळी विद्याधर पाचही फॉर्म घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी फॉर्म चाळले, दोनदा चाळले.

"हा माणूस आपल्याला पाच वर्षं फसवतोय."

"होय साहेब. आपणही पाच वर्षं त्याला नवा म्हणतोय."

"'तपासले' म्हणून सही कुणाची?"

"माझी. तेही अहवालात लिहिलंय, पान दोन. शिक्षा करायची तर तिथून सुरुवात करावी."

साहेबांनी चष्मा काढला. रात्रभर घोकलेलं वाक्य विद्याधर तोपर्यंत विसरून गेला होता, म्हणून तो साधंच बोलला. मार्चची फट खोटी आहे, साहेब, म्हणून हे वय खोटं आहे. फट बुजवा. पाच पत्रांची एक सेवा धरा, पहिला फॉर्म ठेवा, पुढचे चार रद्द करा. मग माणूस एकोणतिसाव्या वर्षी लागला, नियमात लागला, आणि आज चौतिसाव्यात आहे. एकाही कागदावर खोटं उरत नाही.

"आणि तुमचा तो सिद्धांत? मी लोकांना सांगितलाय तो. कायम केला तर हा सुस्तावणार नाही?"

"थोडा सुस्तावेल. पोटही सुटेल. पण बाळा तयार होईल, आणि बाळा बावीसचा आहे. खरा बावीसचा. मी दाखला पाहिलाय."

साहेबांनी पाचही फॉर्म एकावर एक नीट रचले. माणूस वाईट नव्हता. त्याला आजवर कुणी बेरीज पुरी करून दाखवली नव्हती, एवढंच. "सहीबद्दल तुम्हाला लेखी समज देईन," ते म्हणाले. "टाइप तुम्हीच करून आणा. त्याचं पत्रही."

गुरुवारी दत्ताराम ऑफिसात आला. कायम नेमणुकीच्या कागदावर वयाच्या रकान्यात त्यानं सावकाश, अक्षर काढून, चौतीस लिहिलं. मग टाक तसाच हातात धरून विचारलं, "आता रविवारी नाही खेळलो तर चालेल? गुडघा लय दुखता."

अंतिम सामना कारखाना दोन गुणांनी हरला. दत्ताराम रेषेबाहेर खुर्चीवर बसून बाळाला ओरडून ओरडून सांगत होता, खांदा आधी, पाय मागून. उत्तरार्धात बाळा एकदा तिघांच्या मधून तसाच निसटून आला. तेव्हा विद्याधरनं निळ्या वहीत बाळाच्या नावापुढं खूण केली आणि थोडा विचार करून अर्धी खूण दत्तारामच्या नावापुढं केली. संख्याशास्त्रात हे बसत नाही.

त्याच आठवड्यात घाटकोपरच्या शाळेत शुभाच्या टेबलावर नकाशांची गुंडाळी आली. वाळवी कुठं लागली होती, ते तिनं विचारलं नाही. सुहासिनीची एप्रिलची चिठ्ठी मात्र चुकली नाही. त्या शाळेला अजून कुणी बेरीज करून दाखवलेली नाही, आणि विद्याधर दुसरं पत्र लिहितो आहे. या वेळी पहिल्या परिच्छेदात त्यानं स्वतःच्या कारखान्याची गोष्ट घातली आहे.

वाचकहो, आपण पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या टेबलामागं बसून कुणाचं तरी पत्र अडकवून ठेवतो, आणि वर म्हणतो की त्यामुळं माणूस नीट काम करतो. करतो, यात शंका नाही. पण धास्तावलेला माणूस आपलं दुखणं लपवतो, आपलं वय लपवतो आणि आपली विद्याही लपवतो. ही तिसरी लपवाछपवी सगळ्यांत महाग, कारण माणूस म्हातारा झाला की त्याची विद्या त्याच्याबरोबरच गावी जाते. पाय थकणारच, ते निसर्गाचं काम आहे. थकण्याआधी त्यानं निर्धास्तपणे कुणाला तरी शिकवावं, एवढी सोय करणं आपल्या हातात आहे.

दत्ताराम त्या वर्षी शिमग्याला गेला नाही. कायम झालेल्या माणसाला मार्चभर रजा कोण देणार? पालखी त्याच्या दारावरून गेली आणि गावभर बोभाटा झाला, की दत्तारामची कंपनी आता पूर्वीसारखी राहिली नाही.