आधी कोपरा

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. डोंबिवलीतल्या एका सोसायटीचं पार्किंग. खांबाशेजारी एक जुनी मरून रंगाची गाडी, आणि तिच्या बॉनेटवर अगदी मधोमध ताटलीएवढा पांढुरका डाग. आता त्या डागाकडे बघणारी दोन माणसं आणा. एक चौथीतली सान्वी, रडवेली. दुसरे तिचे आजोबा, गुणाजी गुरुजी. ते अजून रडवेले नव्हते, कारण त्यांना अजून सगळं कळलं नव्हतं.

"कशाने घासलंस गं?"

"तारेच्या घासणीने. आणि चिंच."

"चिंच? गाडीला?"

"तुम्हीच म्हणालात ना आजोबा, जितकं घासशील तितकं लकाकेल!"

गुरुजी म्हणाले होते खरे. आदल्याच दिवशी देवघरातली पितळी भांडी घासताना त्यांनी नातीला परिश्रमावर व्याख्यान दिलं होतं. समई, तांब्या, निरांजन हातात धरून एकेक मुद्दा समजावला होता. हे सगळं पितळेपुरतं आहे, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

आणि विनीतने, म्हणजे सान्वीच्या पप्पांनी, तिला बजावलं होतं, "यंदा बॉनेटवर स्वस्तिक तू काढायचंस. पण तोवर गाडीला न विचारता हात लावलास, तर तो मान सुमितचा." सुमित म्हणजे कळव्याचा आतेभाऊ. तो संध्याकाळी विनीतबरोबरच येणार होता. सान्वी आठवडाभर पाटीवर स्वस्तिक गिरवत होती. स्वस्तिक चकचकीत जागी उमटावं म्हणूनच तर बिचारीने घासणी उचलली होती.

"रडू नकोस," गुरुजी म्हणाले. "पप्पा यायच्या आत डाग नाहीसा करू. हा आपला प्रयोग."

प्रयोग म्हटलं की गुरुजींच्या अंगात यायचं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यातली निम्मी वर्षं उपकरणं मोडण्यात गेली होती. ते स्टेशनाजवळच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले आणि पॉलिशची बाटली व एक नवीनच पॅड घेऊन आले. इतकी वर्षं गाडीला जुन्या बनियनचा बोळा पुरत होता. हे पॅड मऊ स्पंजाचं, गोल, वरून जाळीदार, थेट घावनासारखं. भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलवर बसायचं आणि गरगर फिरायचं.

तळमजल्यावरच्या काळुरामशेठनी खिडकीतून वायर दिली आणि स्वतः खुर्ची टाकून समोर बसले. ही इमारत त्यांच्याच वडिलांच्या भातशेतावर उभी होती, त्यामुळे आवारातली कुठलीही करमणूक ते चुकवत नसत.

"गुरुजी, मेकॅनिकला का नाय बोलवत?"

"काळुरामशेठ, मूल स्वतः करून शिकतं."

"मूल शिकेल हो. गाडीचं काय?"

तिकडे दुर्लक्ष करून गुरुजींनी पाकिटावरच्या सूचना मोठ्याने वाचल्या आणि प्रत्येकीचा अर्थ फोड करून सांगितला. "सूचना पहिली. आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून बघावं. का? तर चूक झालीच तर लहान होते. सूचना दुसरी. पॅड आधी गाडीवर टेकवावं, मग बटण दाबावं. का? सांग बरं."

"नाहीतर पॉलिश उडेल."

"शाब्बास!" म्हणाले आणि शाब्बास म्हणण्याच्या भरात बटण दाबलं.

पॅड हवेत होतं. पॉलिशचे थेंब गुरुजींच्या चष्म्यावर, मिशीवर, बनियनवर आणि काळुरामशेठच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर उडाले.

"अवो, मला कशाला पॉलिश!" शेठ खुर्चीसकट मागे सरकले. "माझा रंग शाबूत हाय!"

सान्वी पहिल्यांदाच हसली. गुरुजींनी चष्मा पुसला. "यालाच म्हणतात प्रात्यक्षिक," ते म्हणाले, आणि पॅड सरळ बॉनेटच्या मधोमध टेकवलं.

"आजोबा, कोपरा?"

"डाग मध्ये आहे ना? मग कोपऱ्यात काय करायचं?" तीस वर्षं मुलांना सूचना पाळायला लावणाऱ्या माणसाचं हे उत्तर.

पण पॅड गुणी निघालं. सावकाश फिरवत गेले तसा पांढुरकेपणा विरला आणि खालून मरून रंग वर आला, ओल्या जांभळासारखा. गुरुजींनी फडक्याने पुसलं, दोन पावलं मागे आले, आणि त्यांची मिशी खाली आली. डाग गेला होता. त्याच्या जागी आता एक लखलखीत गोल होता. त्यात पार्किंगचा दिवा दिसत होता, गुरुजींचा चेहरा दिसत होता, आणि भोवतीची उरलेली गाडी उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखी दिसत होती.

"बॉनेटवर चंद्र उगवला," काळुरामशेठ म्हणाले. "उद्या दसरा की कोजागिरी?"

"कोपऱ्यात केलं असतं तर आधीच कळलं असतं," सान्वी हळूच म्हणाली.

"कळलं असतं," गुरुजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता सगळी गाडी घासण्यावाचून इलाज नव्हता. ते पुन्हा ड्रिल उचलतात तोच फाटकातून विनीत आणि सुमित आत आले. विनीतची नजर आधी वडिलांच्या बनियनवर गेली, मग चंद्रावर.

"आप्पा! हे काय?"

गुरुजी पुढे झाले. "मी केलं. नवीन पॅड आणलं होतं, म्हटलं करून बघू." हे खोटं नव्हतं. फक्त गोष्ट मधूनच सुरू केली होती.

विनीत वडिलांकडे बघत राहिला आणि मग हसायलाच लागला. "तुम्हाला मी काय बोलणार, आप्पा! असू दे. सान्वी, तुला स्वस्तिकासाठी जागा मात्र झकास मिळाली."

सुटलो, असं गुरुजींना वाटलं. नातीचा मान राहिला. तिने आता गप्प राहावं म्हणून त्यांनी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. शाळेच्या फळ्यावर रोज सत्याबद्दल सुविचार लिहिणारे गुरुजी ते हेच.

सान्वीने ती खूण पाहिली. मग फ्रॉकच्या खिशातून तारेची घासणी काढून पप्पांच्या तळहातावर ठेवली. "आधी मी घासलं, चिंच लावून. आजोबांनी नंतर," ती म्हणाली. "स्वस्तिक सुमितला काढू दे."

कोणी काही बोलायच्या आत तिने आजोबांच्या हातातल्या ड्रिलवरून ते घावनासारखं पॅड ओढून काढलं, त्यावर पॉलिशचा एक थेंब घेतला, गाडीला वळसा घालून मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि दाराच्या अगदी खालच्या, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात हाताने हळूहळू गोल गोल घासायला लागली.