धार न झिजलेला देव

केवळाबाईच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. सरपंच समोरून आला तरी बाजूला व्हायचा. पण घरातल्या देवापुढं तिची मान खाली जायची. देव म्हणजे वीतभर दगड, शेंदराचे थरावर थर चढून नारळाएवढा झालेला. वीज पडली त्या जागी नांगराला लागला, असं सासरा सांगायचा. म्हणून विजंचा देव.

तिचा एकुलता एक दयानंद मोटारसायकलवरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिनं सुनेकडून नवस वदवून घेतला : नवरा उठून बसेपर्यंत शिल्पा गावाची शीव ओलांडणार नाही. अर्धापूरला शिल्पाचा बाप वारला, तरी पोरगी गेली नाही. उंबऱ्यात बसून रडली.

"देव बघून राहिलाय," केवळाबाई म्हणाली.

दयानंद काही उठेना. अशात देवाच्या शेंदराची खपली गळाली. भेटायला आलेल्या भाच्याला, सत्यमला, आतला काळा गुळगुळीत दगड दिसला. तो नांदेडला कॉलेजात दगडांचाच मास्तर.

"आत्या, ही कुऱ्हाड हाय. हजारो वर्षांमागची. कोणता दगड हाय, बघू दे की."

"तुझ्या बापानं कधी देव तपासला व्हता का रं?" ती कडाडली. मग उघड्या पडलेल्या दगडावरून तिनं बोट फिरवलं. म्हणाली, "आभाळातून पडलेला असंल, तर तुझ्या यंत्रात दिसंल?"

"दिसंल."

"मग चल. मीबी येते. देव एकटा धाडत न्हाई मी."

दयानंदाला वळवायला शिल्पाच्या मदतीला दोन दिवसांपुरती शेजारीण बोलावून ती निघाली. नांदेडला शेंदूर कोमट पाण्यानं सुटला. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक दगडाकडं ओढलं गेलं. सत्यमनं दगड पाण्यात बुडवून तोलला. मग बुडाकडून नखाएवढी चकती कापू का, म्हणाला. तिनं डोळे मिटून मान डोलावली. चकती घासघासून इतकी पातळ केली, की उजेड आरपार जावा. दुसऱ्या दिवशी सत्यमनं तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आत विस्कटलेल्या तुराट्यांसारख्या पांढऱ्या काड्या एकमेकींत अडकलेल्या.

"डोलेराईट म्हणत्यात ह्याला, लोखंडाचा अंश असलेला काळा दगड. देगलूरकडं भुईतून वर आलेला असतोय. आभाळाचा काय संबंध न्हाई, आत्या. ही कुऱ्हाड माणसानं घासून केलेली हाय."

"मग चालली कशावर ही कुऱ्हाड?"

सत्यम खुशीत आला. "तीच तर मजा! धारंला एक टवका न्हाई. कशावरच चालली न्हाई. नुसती मानाची म्हणून मिरवायला केलेली."

"म्हंजे कुणाच्या कामाला आलीच न्हाई."

"कधीच न्हाई."

"मग ठेव तुझ्यापाशी," ती म्हणाली आणि एकटीच एसटीत बसली.

शिल्पा दारातच होती. "आई, देव कुठंय?"

"देव नव्हता. देगलूरचा दगुड व्हता. भावाला फोन लाव, न्यायला ये म्हणावं."

"अन् नवस?"

"ऐकायला तिथं कुणी नव्हतंच, बाई."

शिल्पा रडेल, निदान तुम्हाला टाकून कशी जाऊ म्हणेल, असं धरून केवळाबाईनं एसटीतच एक झणझणीत उत्तर तयार ठेवलं होतं. पण शिल्पाच्या तोंडावर उजेड आला होता. पोरगी तो झाकायला बघत होती आणि तिला जमत नव्हतं.

भाऊ सकाळीच गाडी घेऊन आला. शिल्पा सासूच्या पाया पडली, दयानंदाच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली आणि गेली.

दुपारी त्याला कुशीवर वळवायचं होतं. पाठ सडू नये म्हणून वळवावंच लागतं, आणि ते दोघींचं काम. केवळाबाईनं पदर खोचला. खांदा धरून ओढला, तर कंबर जागची हलेना. कंबर धरली, तर खांदा मागं पडला. तिला धाप लागली.

"राहू दे, आई," दयानंद आढ्याकडं बघत म्हणाला. "आता राहूच दे."

तिनं पुन्हा खांदा धरला.