अनासेइनीची वेणी

आमच्या बेटावर माणूस गेलं की त्याच्या उशाशी बसायचं ते थोरल्या बहिणीने. बाप असेतो न कापलेले त्याच्या पोरांचे केस कापायचे तिने, घरातली सगळ्यात चांगली चटई उचलून न्यायची तीही तिनेच. हा मान मी कुणापुढे सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण माझा भाऊ सेमिसी गेला की आहे हेच कुणाला ठाऊक नाही. मग मी बसू कुणाच्या उशाशी?

तो होडी घेऊन गेला तेव्हा त्याची पोर अनासेइनी माझ्या अंगणात भाजलेला नीरफणस खात होती. दुधाचे दात होते तिचे. आता तिचं लग्न झालंय.

होडी मिळाली नाही, वल्हंसुद्धा नाही. गावाला मात्र सगळं मिळालं. कुणी म्हणे शार्कने नेला. एकाने त्याला ऑकलंडच्या बाजारात रताळी विकताना पाहिला. त्या गृहस्थाला स्वतःचं डुक्कर ओळखू येत नाही. व्हावाउ बेटावर दुसरं घर थाटलं, असं एकीने माझ्याच चटईवर बसून सांगितलं. मी म्हटलं, पहिलीशी चार शब्द बोलताना ज्याला घाम फुटायचा तो दुसरी कशाला करील? वारा नसता तर, इंजिन नवं असतं तर, अशी तर-तरची गाडी अजून चालूच आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर!

मी पाहिलं ते एवढंच. त्या सकाळी तो माझ्या कुंपणाशी आला. चर्चला जाताना कमरेभोवती गुंडाळतात ती रविवारची चटई बांधलेली, मीच विणलेली. मासे धरायला जाताना चर्चची चटई कोण बांधतं? तो बाहेर उभा, मी आत चटईसाठी केवड्याच्या पात्या सोलत, मान खाली घालून. आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण समोरासमोर बोलत नाहीत. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी लागतं. म्हणून मी अनासेइनीला तिच्या आईला बोलवायला पिटाळलं. तिची आई लुपे, पदार्थ चुलीवर असला की हलायची नाही. ती आली तोवर कुंपणाशी कुणी नव्हतं. निरोप घ्यायला आला होता की चटईचा काठ उसवला म्हणून, देव जाणे.

दरवर्षी लुपे विचारायची, प्रार्थना ठेवूया का, आणि मी नाही म्हणायची. लग्न तोंडावर आलं तेव्हा ती पोरीला घेऊन आली. हातात तिच्या माहेरची जुनी, मऊसूत चटई. पाद्री तयार आहे म्हणाली, थडग्याचा दगडही सांगून ठेवलाय. बापाचं सुतक न फेडता पोर सासरी जाणार, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक आजवर गप्प होते का?

तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी ना बायको, ना विधवा."

"बायको होतीस तेव्हा तरी काय दिवे लावलेस?"

एरवी ती उलटून बोलते. या वेळी नुसती चटईवरून हात फिरवत राहिली, आणि माझंच बोलणं मला टोचलं.

अनासेइनी माझ्याकडे पाठ करून बसली. जन्मात कात्री न लागलेली वेणी जमिनीवर टेकली.

"तुझा बाप मेला असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"माहीत नाही, आत्या. कधी वाटतं, कधी नाही. मान मात्र रोज दुखते."

मी चटईचे काठ कापायची माझी कात्री घेतली. वेणी जाड, कात्री बोथट. करकरत कापावी लागली. लुपे तोंडात पदर धरावा तशी बाही धरून रडली. मग तिने चटई पुढे सरकवली. मी ती परत तिच्याकडे लोटली.

"ही मेलेल्याच्या बहिणीची. ती बाई अजून या घरात आलेली नाही."

"मग केस का कापलेत?"

"केस परत येतात," मी म्हटलं.

पोर बोटीने सासरी गेली, मान हलकी करून. वेणी माझ्या पेटीत आहे. सेमिसी कुठे असलाच, आणि त्याच्या कानावर गेलंच, तर येईल. कुंपणाशी उभा राहून विचारील, अक्का, माझ्या पोरीचे केस कुणी कापले? तेव्हा मी कुणाला बोलवायला पिटाळणार नाही.