आधी हात, मग ताट

मेल्या म्हशीला मणभर दूध असतं म्हणतात. त्या शनिवारी आमच्या चर्चमध्ये मी ते उभ्या उभ्या पाहिलं. तोंडातून चकार शब्द न काढता पाहिलं, कारण मी अशर. दाराशी आणि बाकांमधल्या वाटेवर उभं राहायचं, पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, आणि सगळं बोलणं हाताने. तळहात वर धरला की थांबा. हात खाली वळवला की बसा. आमच्या टॅलबर्न गावात लोक पोलिसाचं ऐकणार नाहीत एवढं अशरचं ऐकतात. निदान ऐकायचे.

उघड्या शवपेटीत लुवेनिया टेट होती. माझी मैत्रीण, आणि अख्ख्या काळ्या वस्तीची नर्स. गावातल्या मोठ्या इस्पितळात आम्हाला मागच्या दारानेही घेत नव्हते, तेव्हा तिने मिल स्ट्रीटवरच्या जुन्या शाळेत एक खोली मागून घेतली. तिथे बीपी बघायची, साखर बघायची, बाळांची वजनं करायची, आणि औषध बुडवणाऱ्या म्हाताऱ्यांना शिव्या घालायची. आमच्यात बीपीने माणसं पटापट जातात. आणि माणूस गेलं की आम्ही मयताच्या जेवणाला काय करतो? तळलेली कोंबडी, चीज-मॅकरोनी, डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली पालेभाजी. म्हणजे पुढच्या मयताची तयारीच.

म्हणून लुवेनियाने नियम घातला होता. आधी हात, मग ताट. कोणाचंही मयत असो, भोजनगृहाच्या दाराशी ती टेबल टाकून बसायची. बीपीचा पट्टा बांधून घेतल्याशिवाय कोणाला कोंबडीचा तुकडाही मिळायचा नाही. विधवेलासुद्धा नाही. पट्टा बांधलेला असताना बोलायची बंदी. "बोललास की आकडा खोटा येतो, गप बस," म्हणायची. आणि आकडा सांगायची तो कानात, कारण तो ज्याचा त्याचा.

आता ती शाळा नगरपालिकेने विकायला काढली होती. सोमवारी त्यावर नगरसेवकांचं मतदान. घेणारा कोण, तर आमचाच रॉस्को बॅटल. जगाला तो 'रोझो', मोठा गायक, पण आम्हाला रॉस्कोच. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात सूर सोडून गायचा. त्याला तिथे संगीताचं सभागृह बांधायचं होतं. मग खोलीचं काय? लुवेनिया अंथरुणाला खिळली तेव्हा तिघं तिला भेटायला आले: रॉस्को, नगरसेवक हर्शेल ब्रॉडनॅक्स, आणि जिल्ह्याची आरोग्याधिकारी डॉ. डेलोरा सिम्स. तिघंही आमच्या वस्तीतले. तिघांनाही तिने पहिली सुई टोचलेली. तिघांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "खोलीला धक्का लागणार नाही." मी तिथेच होते, चमच्याने तिच्या तोंडात बर्फ घालत. माझ्या कानांनी ऐकलंय.

लुवेनियाची मुलगी जेरुशा, तीही नर्स. आई पडल्यापासून खोली तीच बघते. तिचं मागणं एवढंच होतं, की अंथरुणाजवळ बोललात ते आता लोकांसमोर बोला. अख्खी वस्ती एका छताखाली यायची ती मयतालाच. सोमवारच्या आधी पुन्हा कुठे जमणार? कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव शेवटी होतं. आणि वर छापलेलं होतं, नेहमीसारखं, 'प्रत्येकी दोन मिनिटं, कृपया.'

दोन मिनिटं म्हणे! हर्शेल उठला. आधी नगरपालिकेचा ठराव वाचला, चौकटीत बसवून आणलेला. मग लुवेनियाने त्याला कसं घडवलं ते सांगितलं, म्हणजे त्यात लुवेनिया थोडी आणि हर्शेल फार. मग तो निवडणुकीवर आला. मी वाटेने पुढे गेले, त्याच्या समोर उभी राहिले आणि तळहात वर धरला. हसला मेला.

"बघा, बघा! आर्झेलामावशी मला थांबवतायत! रविवारच्या शाळेत याच मावशीने माझा कान पिळलाय. मावशी, आज तरी बोलू द्या!"

लोक हसले. बाकांवरून "बोल, बेटा, बोल" सुरू झालं. माझा हात तसाच हवेत. एवढ्या वर्षांत माझा हात कोणी हसण्यावारी नेला नव्हता. तोंड कडू झालं, देवाशप्पथ.

आणि मग त्याने सांगितलं. "मिल स्ट्रीटवर जे भव्य सभागृह उभं राहतंय, त्याच्या रंगमंचाला नाव देणार आहोत, लुवेनिया टेट रंगमंच!"

टाळ्या! उभं राहून टाळ्या! अरे, खोलीचं नावही नाही, आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता? पुठ्ठ्याचे पंखे हलवत, डोळे पुसत माझीच माणसं वाजवत होती. एखाद्या गोऱ्याने ती खोली हिसकावली असती तर आम्ही मोर्चा काढला असता, रस्त्यावर बसलो असतो. पण आपला तो बाब्या. आपला पोरगा पुढे गेला, यातच आम्ही भरून पावतो. तो कुठे गेला आणि कोणाला तुडवून गेला, हे विचारायचं नाही, चारचौघांत तर नाहीच. ही आमची जुनी खोड, आणि त्या तिघांना ती पक्की ठाऊक होती.

डेलोरा उठली. काळा रेशमी पोशाख, मोत्यांची माळ. म्हणाली, आता काळ बदललाय, आता आरोग्य मोबाईलवर येणार, घरबसल्या. समोरच्या बाकावर म्हातारी कॉर्डी बसली होती. तिला मोबाईलवर नातीचा फोन घेता येत नाही. ती पण मान डोलावत होती.

शेवटी रॉस्को गायला. पेटीला टेकून उभा राहिला, एक हात पेटीवर, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. लुवेनियाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या अंगठ्या जास्त चमकत होत्या. दोनदा गायला. कोणी मागितलं नव्हतं तरी.

पाद्रीसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "वेळेअभावी कुटुंबाचं मनोगत आपण मनातच समजून घेऊ."

जेरुशा हातातला रुमाल पिळत खाली बसली. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्य मेल्यावर त्याच्या पेटीवर उभं राहून मतं मागत होते.

दफन करून आलो. भोजनगृहाच्या दाराशी बघते तर लुवेनियाच्या टेबलावर रॉस्कोच्या माणसांनी टी-शर्ट मांडलेले. छातीवर लुवेनियाचा फोटो, पाठीवर 'रोझो'. फुकट वाटत होते. जेरुशा कोपऱ्यात, आईची जुनी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"ऊठ," मी म्हटलं. "पट्टा काढ."

"मावशी, आज नको. माझ्यात ताकद नाही."

"ताकद लागत नाही. पट्टा लागतो. तुझ्या आईच्या मयताला लोक हात न देता जेवणार? ती पेटीतून उठून येईल."

ती कसंनुसं हसली. मी टी-शर्ट उचलून खिडकीत ठेवले, टेबल पुसलं, खुर्ची ओढली. मग दारात उभी राहिले आणि तळहात वर धरला. हसलं नाही कोणी. पोटात भूक होती आणि दारात मी. रांग लागली, आपोआप, वर्षानुवर्षांच्या सवयीने. बाया शेजारणीच्या हातात पर्स देऊन बाह्या वर करायला लागल्या.

तिघं सरळ आत यायला निघाले. माझा हात बघून थांबले. हर्शेलच्या मागे त्याचा फोटोवाला होताच.

"अरे वा!" हर्शेल म्हणाला. "ही तर आपली परंपरा! मीच पहिला. फोटो घे रे. मुली, बांध पट्टा."

कोट काढला, बाही वर केली, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला. रॉस्को आणि डेलोरा त्याच्या मागे, फोटोत यायला. जेरुशाने पट्टा बांधला. हवा भरायला लागली.

"लोकहो, लुवेनियाबाई म्हणायच्या..."

"बोलायचं नाही," जेरुशा म्हणाली.

तो गप्प झाला. रांगही गप्प झाली. हर्शेल ब्रॉडनॅक्स गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

जेरुशाने वर बघितलं नाही. नजर पट्ट्याच्या काट्यावर. पण आवाज अगदी आईचा, मागच्या टोकापर्यंत पोचणारा. "तुम्ही तिघांनी माझ्या आईला शब्द दिला होता, खोलीला धक्का लागणार नाही म्हणून. तोंडाने काही सांगू नका, पट्टा चालू आहे. सोमवारी जो खोलीच्या बाजूने उभा राहणार, त्याने आत्ता मोकळा हात वर करावा. बस."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. हर्शेलचा मोकळा हात टायवर होता, तो टायवरच राहिला. डेलोराने मोबाईल काढला आणि त्यात काहीतरी शोधायला लागली. रॉस्को हसला, इकडे तिकडे बघितलं, आणि छताखाली असून काळा चष्मा चढवला. हवा सुटायचा आवाज तेवढा येत होता. सगळी रांग बघत होती. म्हातारी कॉर्डी म्हणाली, "अगं बाई, एकाचाही नाही?"

एकाचाही नाही.

जेरुशाने पट्टा सोडला आणि आकडा हर्शेलच्या कानात सांगितला, नियमाप्रमाणे. त्याचं तोंड पांढरं पडलं. आमच्या रंगावरही दिसलं ते.

मयताच्या जेवणाला आलेल्याला आम्ही उपाशी पाठवत नाही, मग तो कोणीही असो. मी स्वतः स्वयंपाकघरात गेले, तीन ताटं भरली. कोंबडी, मॅकरोनी, भाजी, केकचा तुकडा. कशात हात आखडला नाही. मग प्रत्येक ताटावर चांदीचा कागद घट्ट लावला आणि तिघांच्या हातात दिलं. आमच्यात बसायच्या आधीच कोणी तुम्हाला कागद लावलेलं ताट दिलं, तर त्याचा अर्थ पोरालाही कळतो.

डेलोरा रागाने म्हणाली, "मावशी, हा अपमान आहे."

"जेवण आहे," मी म्हटलं. "गार होईल. गाडीत खा."

दोघं गेले. हर्शेल दारात घुटमळला. "मावशी," हळू आवाजात म्हणाला, "जेरुशा म्हणते आजच कुठेतरी दाखवा. आज शनिवार. कुठे दाखवू?"

"मिल स्ट्रीटवर जा की. सोमवारपर्यंत उघडं आहे."

तुम्हाला वाटेल, पाघळला असेल. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. रविवारी मी गुडघ्यावर बसून त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली. सोमवारी नगरपालिकेत मी पुढच्या रांगेत बसले, हातमोजे घालून, आणि त्याने हात वर केला. सरळ, उंच, ताठ. सभागृहाच्या बाजूने. एका मताने खोली गेली, आणि ते मत त्याचं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे बघितलेत, हा वासे विकून आला. मी तिथेच थुंकले असते, पण जमीन सरकारी होती आणि झाडणारी बाई आमच्या चर्चची.

महिनाअखेर किल्ल्या गेल्या. आम्ही वजनकाटा, कपाट, पिशवी, सगळं उचलून चर्चच्या भोजनगृहात आणलं. पहिल्याच सकाळी दारापासून पायऱ्यांपर्यंत रांग. मी दारात उभी. बाजूचं दार किरकिरलं म्हणून वळून बघते तर हर्शेल. कोट नाही, फोटोवाला नाही. बाही आधीच वर केलेली.

मी जेरुशाकडे बघितलं. म्हटलं, ही आता याला हाकलणार, आणि हाकलावंच. माझ्या जिभेवर शिव्या तयार होत्या.

"येऊ दे, मावशी," जेरुशा पट्टा सरळ करत म्हणाली. "आई म्हणायची, हात पुढे आला की बांधायचा."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो सरळ टेबलाकडे निघाला, म्हातारी कॉर्डी बसायला वाकली होती तिच्याही पुढे. मी मध्ये गेले आणि पांढरा तळहात त्याच्या छातीसमोर धरला. या वेळी तो हसला नाही.

"रांग पायऱ्यांवरून आहे, हर्शेल," मी म्हटलं. "शेवटी जाऊन उभा राहा."