माइकवरचं कुंकू

खंडेनवमीला जळगावच्या त्या डाळमिलमध्ये पूजेतून काहीच सुटलं नाही. मोटारी झाल्या, तराजू झाले, फावडी झाली, आणि धुळ्याहून आणलेले वॉकीटॉकीचे खांद्यावर अडकवायचे माइकही झाले. शेठाणी चंद्रकांताबाईंनी प्रत्येक माइकवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. तेही आवाज आत शिरतो त्या इवल्याशा भोकावर. नैवेद्य तोंडाशीच दाखवतात, तेव्हा जागा चुकली असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी तूर वर नेणारा डब्यांचा एलिव्हेटर तुंबला. खाली खड्ड्यात उतरून कामगार निंबाने फावड्याने तूर उपसायची, हात बाहेर काढून माइकवर ‘चालू’ म्हणायचं, वरच्या माणसाने डबे जरासे फिरवायचे, ‘बंद’ म्हटलं की थांबवायचे, अशी तिथली रीत होती. दोन्ही हात कामात, म्हणून माइक खांद्यावर.

“ताई, माइक मुका शे,” निंबा म्हणाला. “बठ्ठा माइक मुका शेतस.” सगळेच्या सगळे.

मेंटेनन्स बघणाऱ्या प्रज्ञाने माइक हातात घेतला आणि मनातल्या मनात काही शब्द उच्चारले, जे सणाच्या दिवशी उच्चारत नाहीत.

“निंबा खाली जाणार नाही,” तिने मिलचे मालक गौतमचंदशेठना सांगितलं. “आधी हे साफ करते.”

“अहो मॅडम, पूजा संध्याकाळी उठणार. दसऱ्याला कुंकू पुसायचं? शुभ बोला!”

“मग मेन स्विच बंद करून कुलूप घालते. सगळी मिल थांबेल.”

“हे त्याहून अशुभ.” शेठनी विचार केला. “पुसायचं नाही ना? कॉम्प्रेसरची हवा मारा. आपोआप उडेल.”

“आतला पडदा फाटेल.”

“मग इथंच खोलून बघा.”

“इथं? एवढी डाळीची भुकटी उडतेय. बॅटरीची एक ठिणगी पडली तर दसरा आणि होळी एकाच दिवशी.”

“तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला नाही आहे,” शेठ म्हणाले. “पूर्वी काय मिल चालत नव्हती?”

पूर्वी कुणाकुणाची बोटं गेली ते प्रज्ञाला माहीत होतं. ते शेठनाही माहीत होतं. बोलून उपयोग नव्हता.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “वर बटणाशी तुम्हीच उभे राहा. मी खड्ड्याबाहेर थांबते. समजा निंबाचा हात आत अडकलाय. मी ‘बंद’ म्हटलं की थांबवा.”

शेठ उत्साहाने वर गेले. डबे फिरू लागले. प्रज्ञा माइकचं बटण दाबून म्हणाली, “बंद.” मग मोठ्याने म्हणाली. मग ओरडली. डबे आपले फिरतच होते. निंबा आधी डब्यांकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघू लागला.

बऱ्याच वेळाने शेठ धापा टाकत खाली आले. “अहो मॅडम, बोट बटणावर ठेवून अवघडलं! बोलणार केव्हा?”

प्रज्ञाने निंबाकडे बोट दाखवलं. शेठनी निंबाच्या हाताकडे पाहिलं आणि मान वळवली.

“पुसा,” ते म्हणाले. “पण जमिनीवर सांडू नका.”

प्रज्ञाने ऑफिसात जाऊन दार लावलं, सेट बंद केला, बॅटरी काढली, मग माइकची पिन सोडवली. पिनेच्या खाचेत अक्षतेचा दाणा होता. खाली कागद धरून तिने कोरड्या मऊ ब्रशने भोक मोकळं केलं. “थोडं पाणी लावा ना,” शेठ सुचवत राहिले. ती नको म्हणत राहिली.

कागदावर पडलेलं कुंकू वाया कसं घालवायचं? शेठनी प्रज्ञाच्या कपाळाकडे पाहिलं, ती कुंकू लावत नाही हे त्यांना आठवलं, आणि ते कागद घेऊन निंबाच्या कपाळाकडे वळले.

पुन्हा तपासणी झाली. ‘बंद’ म्हणताच डबे थांबले. मगच निंबा खाली उतरला. प्रज्ञाने खुर्चीत बसून पहिला मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात शेठ दारात उभे राहिले, अगदी प्रसन्न.

“मॅडम, पुढच्या नवमीला माइकची पूजा तुमच्याकडे. कुठं लावायचं नाही ते तुम्हालाच बरोब्बर कळतं.”