बंबावरची चिंधी

मी चिंधी बोलतेय. तुम्ही दचकू नका. दचकायचं काम माझं आहे.

फीत, पट्टी, निशाण असं काहीतरी बरं नाव मला सांगता आलं असतं. पण अग्निशमन केंद्रात सगळे मला चिंधीच म्हणतात आणि आता मलाही त्याचं काही वाटत नाही. बंबाच्या टपावर ड्रायव्हरच्या बाजूला एक बारीक सळई आहे, तिच्या टोकाला मला बांधलंय. रंग लाल होता. आता कोणता आहे ते बघणाऱ्याने ठरवावं.

मूळची मी छत्री. बंबाचे ड्रायव्हर आहेत ना, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्या मुलीची. मुलगी कॉलेजात जाणारी, हुशार, पण इतकी भित्री की मागून सायकलची घंटी वाजली तरी हातातली पुस्तकं खाली. एकदा पुलावर वारा असा अंगावर आला की मी उलटी झाले, काड्या मोडल्या आणि तिने किंचाळून मला सोडूनच दिलं. घरी आणल्यावर काकूंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "काड्या गेल्या, पण कापड धडधाकट आहे. टाकायचं नाही." त्या घरात सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाहीत, तिथे मी कशी जाणार?

त्याच सुमारास केंद्रातले साहेब विषारी रसायनांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. रसायन सांडलेल्या जागी जायचं तर वारा पाठीवर घ्यायचा, तोंडावर नाही, हा त्यांचा पहिला धडा. "पण वारा कुठून येतोय हे ओळखणार कसं?" त्यांनी विचारलं. एकाने बोट ओलं करून वर धरलं. दुसऱ्याने चिमूटभर माती उडवली, ती साहेबांच्या चहात पडली. दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन आले. काकूंनी छत्रीची एक पाकळी उभी कापून, काठ दुमडून मशीनवर शिवून दिली होती.

"काका, काकूंनी बंबाला रिबन पाठवली?" उंच्या म्हणाला. उंच्या म्हणजे आमचा सगळ्यात लांब जवान; अंगाने लांब आणि जिभेनेही. "आता वेण्याही घालायच्या का?"

सगळे हसले. मी नाही हसले. ज्या वाऱ्याने माझी हाडं मोडली त्याच्याच तोंडाशी मला बांधत होते आणि वर म्हणत होते, तो आला की सांग.

तशी मला रोज कामं नसतात. गवत पेटलं, दुकानाला आग लागली, कुणाचं मांजर झाडावर अडकलं. अशा वेळी चिंधीकडे कोण बघतंय? या लोकांची एक सवय मात्र मी वरून नीट पाहिली आहे. संकट दिसलं की हे धावतात. ते त्यांच्या हाडातच आहे. आणि साहेब रोज तेच हाडातून काढायला बघतात. "आगीत धावा," ते म्हणतात, "पण वायू दिसत नाही. तुम्ही पडलात तर तुम्हाला काढायला आणखी कुणी लागणार. मग आधीच्या माणसाला कोण काढणार?"

त्या दुपारी बर्फाच्या कारखान्यातून फोन आला. अमोनियाचा पाइप फुटला होता. काकांनी सवयीने बंब थेट फाटकाकडे घ्यायला सुरुवात केली.

"थांबवा," साहेब म्हणाले. "इथेच. चढावर."

आणि मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी सरळ कारखान्याकडे बोट दाखवत होते. म्हणजे वारा आमच्या पाठीवर. बरोबर जागा. तरी माझं काळीज लकलक करत होतं. एवढी माणसं माझ्या भरवशावर उभी होती.

तेवढ्यात शेजारच्या पॅकिंगच्या शेडमधून एक बाई धावत आली. अंगावर कामाचा ॲप्रन तसाच. "आमचे हे आत आहेत! मशीनवर असतात. फोन आला होता, मागच्या खोलीत दार लावून बसलेत म्हणाले. खोकत होते. आता फोनच लागत नाही."

"मागची म्हणजे कुठली, ताई?" साहेबांनी विचारलं.

"बर्फ ठेवतात त्याच्या शेजारची. मग जा की!"

"जातोय."

"कुठे जाताय? उभे आहात सगळे! माणूस मरतोय आत आणि हे चिंधीकडे बघत बसलेत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर मलाच उपटून फेकलं असतं.

उंच्या आणि आमच्यातली एक जवान, जिला केंद्रात सगळे ताई म्हणतात, सूट चढवत होते. डोक्यापासून पायापर्यंत एकच, आत पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. ताईने उंच्याची चेन तपासली, उंच्याने ताईची. कुणी घाई केली नाही. आणखी दोघं तसेच सूट घालून बाहेर उभे राहिले.

"हे दोघं नुसते कशाला उभे?" बाईने विचारलं.

"आतले अडकले तर त्यांना काढायला," काका म्हणाले. ते ऐकून ती रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसली.

फाटकाच्या डाव्या अंगाला, मोकळ्या हवेत, बाहेर येणाऱ्यांना धुण्यासाठी एक उथळ हौद मांडला, ब्रश ठेवले, बाकीच्यांना अडवायला दोरी बांधली. साहेब नळीवाल्याला सांगत होते, "सांडलेल्या अमोनियाच्या डबक्यावर पाणी मारू नकोस, आणखी उसळेल. वर हवेत फवारा धर." मग काकांकडे वळले. "पंप चालू करून द्या आणि तुम्ही फक्त चिंधीकडे बघा. दुसरं काही नाही."

दोघं आत गेले.

थोड्या वेळाने नळीचा जोर कमी झाला. काका पंपाच्या काट्याकडे वाकले. कोणीही वाकलं असतं. आणि नेमका त्याच वेळी वारा पडला. मी लोंबले. मग अंगावर काटा आला तशी शहारले आणि डावीकडे फिरले. हौदाकडे. दोरीकडे.

मला तोंड नाही. मी फडफडले, पिळवटले, सळईवर आपटले. काका वाकलेलेच. साहेब वॉकीटॉकीवर. जवान हौदाशी. दचकणं हे माझं एकच काम आणि ते मी जीव तोडून करत होते, पण बघायला कोणी नव्हतं.

"अहो! अहो, तुमची चिंधी फिरली!"

ती बाई होती. कारखान्याकडे बघवत नव्हतं म्हणून ती इतका वेळ माझ्याकडेच बघत बसली होती.

काकांनी मान वर केली आणि ओरडले, "साहेब, वारा फिरला! हौदावर येतोय!"

"हौद सोडा! सगळे वर, बंबाच्या मागे! दुसरा हौद मागच्या दाराला मांडा, दोरीही तिथेच बांधा!" मग वॉकीटॉकीवर, "पुढून येऊ नका. मागच्या दाराने या. मागच्या."

थोड्याच वेळात पांढरट धुकं जमिनीलगत सरपटत आलं आणि पहिल्या हौदावर बसलं.

मागच्या दारातून तिघं आले. मधल्याच्या तोंडावर मास्क चढवलेला, पाय फरफटत, पण चालत. बाई धावली. काका दोरी धरून आडवे झाले.

"आधी आंघोळ, ताई."

"हात तरी लावू द्या!"

"कपड्यांत भिनलंय ते. तुमच्या हाताला लागेल, हातावरून डोळ्यांना. थोडं थांबा."

ताडपत्रीच्या आडोशाला त्याचे कपडे उतरवले, पिशवीत बांधले आणि भरपूर पाण्याने त्याला धुऊ लागले. बाई दोरी मुठीत धरून उभी. मग एकदम ओरडली, "कानामागेही धुवा हो! तिथे ते कधीच धूत नाहीत!"

आडोशामागून घोगरा आवाज आला, "ऐकतोय मी."

तेव्हा ती रडली.

शेवटी उंच्या आणि ताईला सुटासकट धुतलं. सूट उतरवताना उंच्याचा हात मध्येच मास्ककडे गेला. "शेवटी!" साहेब कडाडले. "मास्क सगळ्यात शेवटी!" उंच्याने हात खाली घेतला. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

रुग्णवाहिकेत चढताना बाई काकांना म्हणाली, "चिंधी म्हणाले, राग नका मानू."

"चिंधीच आहे ती," काका म्हणाले. मला ते आवडलं.

आता माझे काठ उसवलेत. एक टोक सुतासुताने गळतंय. मंद झुळूक आली तर मी हलतसुद्धा नाही, आणि हेच वाईट. न दचकणारी चिंधी बंबावर नको. काकूंनी त्याच छत्रीची दुसरी पाकळी शिवून ठेवली आहे. ती माझी बहीणच. उद्या काका मला सोडतील आणि तिला बांधतील.

तिला एवढंच सांगायचं आहे, की भित्री म्हणून कोणी हसलं तर हसू दे. वारा बदलला की शहार, आणि ते लपवू नकोस.

आणि तुम्हाला. कधी तुमचं माणूस आत असेल आणि बाहेर ही माणसं चिंधीकडे बघत उभी दिसतील, तर खुशाल शिव्या द्या. ते ऐकून घेतात. फक्त शिव्या देताना एक डोळा तिच्यावर असू द्या.